रक्त शिरेतल्या शिरेत का गोठत नाही? रक्तवाहिनीच्या अस्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट कापलं की वाहणारं रक्त काही मिनिटांत साकळतं. तेच रक्त धमन्या-शिरांमधून सत्तर-ऐंशी वर्षं फिरत राहतं आणि सहसा कुठे अडत नाही. रुग्णांचे नातेवाईक, नर्सिंगची मुलं-मुली आणि डीएमएलटीचे (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे) विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो भाग समजल्याशिवाय पुढची औषधं समजत नाहीत.

रक्त गोठू नये याची काळजी शरीरात कोण घेतं?

रक्तातली काही प्रथिनं आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, अशी दोघं मिळून. बहुतेकांना पहिली बाजू ठाऊक असते, दुसरीकडे लक्ष जात नाही. खरं तर रक्तातली ती प्रथिनं एकटी फार काही करू शकत नाहीत. त्यांना कामाला लावतं ते अस्तर.

या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. एकमेकींना खेटून बसलेल्या चपट्या पेशींचा हा एकच थर हृदयाच्या कप्प्यांपासून सगळ्यांत बारीक केशवाहिनीपर्यंत अखंड पसरलेला असतो. केशवाहिन्यांत त्याची जाडी बऱ्याच ठिकाणी एक मायक्रोमीटरही भरत नाही. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

हे कधी आणि कसं लक्षात आलं?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ह्यूसनने प्राण्याच्या मानेतली शीर दोन्ही टोकांना बांधून ठेवली. आतलं रक्त हलत नव्हतं, तरी बराच वेळ पातळ राहिलं. १८५७मध्ये अर्न्स्ट ब्रुकेने कासवाच्या हृदयात रक्त कोंडून तेच पाहिलं. त्याचं म्हणणं असं पडलं की जिवंत भिंत रक्ताला गोठू देत नाही.

जोसेफ लिस्टर म्हणजे शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला लावणारे ते लिस्टर. लंडनच्या रॉयल सोसायटीत १८६३मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी नेमका उलटा मुद्दा मांडला. भिंत काहीच करत नाही, रक्ताला बाहेरच्या वस्तूचा स्पर्श झाला की ते गोठतं, एवढंच त्यांचं म्हणणं. आज मागे वळून पाहिलं तर दोघंही अर्धे-अर्धे बरोबर होते. बाहेरच्या पृष्ठभागाने रक्त गोठतं हे खरंच, पण भिंत स्वस्थ बसलेली नसते हेही तितकंच खरं. भिंत करते तरी काय, हे कळायला मात्र पुढची शंभरहून जास्त वर्षं जावी लागली.

काचेच्या नळीत रक्त लगेच का गोठतं?

काचेला अस्तर नसतं, आणि वर काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना क्रमांकाचे घटक म्हणतात. या भारामुळे त्यांतला बारावा घटक, फॅक्टर १२, जागा होतो आणि तिथून एकाने पुढच्याला चेतवण्याची साखळी सुरू होते. साध्या काचेच्या नळीत पाच ते दहा-बारा मिनिटांत गुठळी दिसते. म्हणून प्रयोगशाळेत रक्त पातळ हवं असेल तर नळीत आधीच काहीतरी घालावं लागतं. निळ्या टोपणाच्या नळीतलं सायट्रेट आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम अडकवून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय ही साखळी पुढे सरकत नाही.

याच गुणाचा उपयोग आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयांत आजही होतो. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरकी करायची. रक्त अजून वाहत असेल तर विषाने गोठण्याचे घटक संपवले आहेत असं समजायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेली नळीही फसवते, कारण मग काचेचा तो गुणच मरतो आणि निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नळीत घडतं तेच शरीरात घडेल असं नाही. ज्याच्यामुळे हा बारावा घटक सापडला तो अमेरिकेतला रेल्वे कामगार जॉन हेगमन. त्याच्या रक्तात हा घटक नव्हता, त्यामुळे काचेत ते गोठतच नसे. १९५५मध्ये डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता. उलट १९६८मध्ये कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यावर फुप्फुसात गुठळी अडकून तो गेला.

म्हणजे अस्तर हा नॉनस्टिक तव्यासारखा गुळगुळीत लेप समजायचा का?

ही उपमा वर्गात फार चालते, पण ती अपुरी आहे. अस्तरावर शर्करायुक्त रेणूंचं एक केसाळ, ओलसर आवरण असतं. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. त्यावरही ऋण भार असतो, तसाच तो प्लेटलेट आणि लाल पेशींवर असतो, त्यामुळे त्या भिंतीपासून थोड्या दूर राहतात. इथपर्यंत तव्याची उपमा चालेल. पण लेप निर्जीव असतो. अस्तर सतत रसायनं तयार करतं, रक्तात सोडतं, रक्तातल्या घटकांना पकडून बदलतं आणि गरज पडली की स्वतःची भूमिकाही पालटतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका मुद्द्याभोवती आहेत.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन इंजेक्शनचा या आवरणाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ग्लायकोकॅलिक्समध्ये हेपरान सल्फेट नावाच्या लांब साखळ्या असतात. यकृतात तयार होणारं अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन रक्तात फिरत असतं आणि थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा मुख्य एन्झाइम) व दहावा घटक यांना निकामी करतं, पण एकटं असताना फार सावकाश. या साखळ्यांवर बसलं की त्याचा आकार बदलतो आणि कामाचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

इंजेक्शनमधलं हेपरिन या साखळ्यांचंच जवळचं भावंड. ते अँटिथ्रॉम्बिनचा वेग साधारण हजार पटीने वाढवतं. १९१६मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅकलीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. हाती आला तो गोठणं थांबवणारा पदार्थ. पुढे कुत्र्याच्या यकृतातून तो वेगळा केला गेला आणि ग्रीकमधल्या यकृताच्या नावावरून त्याला हेपरिन म्हटलं गेलं. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. ज्यांना धार्मिक कारणाने याचा प्रश्न पडतो त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावं. पर्याय असतात, पण आणीबाणीच्या वेळी ते शोधत बसायला वेळ नसतो.

थ्रॉम्बिन तर रक्त गोठवतं. मग अस्तर त्याला काय करतं?

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग हा.

थ्रॉम्बिन म्हणजे गोठण्याच्या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत ताकदीचा एन्झाइम. तो फायब्रिनोजेन कापून फायब्रिनचे धागे तयार करतो, प्लेटलेटना चेतवतो, शिवाय पाचव्या आणि आठव्या घटकांना चेतवून स्वतःचंच उत्पादन वाढवतो. एकदा सुटला की थांबायचं नाव घेत नाही. जखमेपाशी ते चांगलंच, पण तोच वाहत पुढे गेला तर?

निरोगी अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं. थ्रॉम्बिन त्याला जाऊन चिकटला की ज्या जागेने तो फायब्रिनोजेन पकडतो तीच झाकली जाते. म्हणजे गोठवण्याचं काम बंद. पण तो निकामी होत नाही. आता तो दुसऱ्याच एका प्रथिनाला कापू लागतो. त्याचं नाव प्रथिन सी, आणि या कापण्याने ते चेततं. चेतवलेलं प्रथिन सी मग प्रथिन एसच्या साथीने पाचव्या आणि आठव्या घटकाचे तुकडे करतं, आणि नवा थ्रॉम्बिन तयार होण्याचा रस्ताच तुटतो. ज्याने आग लावायची तोच ती विझवू लागतो, आणि तेही केवळ कुठल्या पृष्ठभागावर बसला यावरून.

१९८१मध्ये चार्ल्स एस्मन आणि व्हाइट ओवेन यांनी हे दाखवलं. सशाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधून त्यांनी थ्रॉम्बिन आणि प्रथिन सी वाहू दिलं. नळीत हे दोन्ही एकत्र ठेवले तर प्रथिन सी अगदी रेंगाळत चेततं. हृदयातून जाताना तोच वेग हजारो पटींनी वाढला. दोन्ही रेणू तेच, फरक फक्त अस्तराचा होता.

आता एक छोटं गणित. २.५ सेंटिमीटर व्यासाच्या महाधमनीत एक मिलिलिटर रक्ताच्या वाट्याला अस्तराचं क्षेत्रफळ येतं सुमारे १.६ चौरस सेंटिमीटर. तेच एक मिलिलिटर रक्त ८ मायक्रोमीटर व्यासाच्या केशवाहिन्यांत शिरलं की वाट्याला येतात सुमारे ५,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्धा चौरस मीटर. थ्रॉम्बोमोड्युलिन तर अस्तरावरच बसलेलं. त्यामुळे मोठ्या वाहिनीत एखादा थ्रॉम्बिन निसटला, तरी केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाताना तो पकडला जाण्याची शक्यता फार मोठी. रक्त दर मिनिटाला साधारण एकदा शरीराला फेरी मारतं, म्हणजे ही झडती सतत चालू असते. रक्त साठून राहिलं की ती का थांबते, हेही यावरून कळेल.

ज्या नवजात बाळांत प्रथिन सी जवळजवळ नसतंच, त्यांच्या त्वचेतल्या बारीक वाहिन्यांत जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत गुठळ्या होऊन काळेनिळे चट्टे पडतात. फार दुर्मीळ आजार आहे, पण ही एक वाट बंद पडली तर काय होतं ते त्यातून दिसतं.

प्लेटलेट अस्तराला का चिकटत नाहीत?

तीन कारणं सांगता येतील. अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडतं, नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि त्याच्या पृष्ठभागावरचा सीडी३९ नावाचा एन्झाइम एडीपी मोडतो. एडीपी म्हणजे चेतलेल्या प्लेटलेटने शेजारणींना बोलावण्यासाठी सोडलेलं रसायन. ते वाटेतच मोडलं की निरोप पोचत नाही.

प्रोस्टासायक्लिन १९७६मध्ये जॉन व्हेन, साल्वादोर मोंकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. व्हेन यांना १९८२चं नोबेल मिळालं. नायट्रिक ऑक्साइडची गोष्ट जास्त मजेदार आहे. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन घातलं की काही पट्ट्या सैल पडत, काही आकसत. शोध घेता कळलं की पट्टी कापताना-हाताळताना आतलं अस्तर घासून निघालं असेल तर ती सैल पडतच नाही. १९८०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अस्तरातून निघणारा तो अज्ञात पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. तो वाहिनी सैल करतो आणि प्लेटलेटना शांतही ठेवतो. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८चं नोबेल मिळालं. मोंकाडांना दोन्ही वेळा वगळलं गेलं, आणि त्यावरून संशोधकांत आजही कुरबुर ऐकू येते.

कमी मात्रेची ॲस्पिरिन या सगळ्यात कुठे बसते?

प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन तयार करते, ते चिकटवतं. अस्तर प्रोस्टासायक्लिन तयार करतं, ते चिकटू देत नाही. दोन्ही बनतात एकाच घराण्यातल्या एन्झाइमपासून, आणि ॲस्पिरिन त्यालाच कायमचं बंद करते. मग फायदा कसा? प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, म्हणून ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही आणि तिच्या आठ-दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात ती बंदच राहते. अस्तराच्या पेशीत केंद्रक असतं, ती काही तासांत नवं बनवते. ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी या फरकावर चालते.

याची उलट बाजू २००४मध्ये दिसली. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचं औषध प्लेटलेटच्या एन्झाइमला हात न लावता प्रोस्टासायक्लिन तेवढं कमी करत होतं. हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसल्यावर ३० सप्टेंबरला कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी, विशेषतः हृदयरोग असेल तर, हे विसरू नये.

मग जखम झाल्यावर रक्त गोठतं कसं?

अस्तर फाटलं की त्याखालचं कोलॅजन उघडं पडतं आणि वाहिनीबाहेरच्या पेशींवरच्या टिश्यू फॅक्टरला, म्हणजे गोठणं सुरू करणाऱ्या प्रथिनाला, रक्त पहिल्यांदाच भेटतं. तिथून साखळी सुटते. शेजारचं अस्तरही मदत करतं. त्याच्या पेशींत छोट्या कांडीसारख्या पिशव्या असतात. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६४मध्ये त्या पहिल्यांदा पाहिल्या. त्यांत व्हॉन विलेब्रँड घटक गुंडाळून ठेवलेला असतो. पिशवी फुटली की तो लांब दोऱ्यासारखा उलगडतो आणि वाहत्या प्लेटलेट त्यावर अडकतात. म्हणजे गुठळी रोखणारं आणि गुठळीला हातभार लावणारं अस्तर एकच. जखमेच्या कडेपलीकडे मात्र पुन्हा थ्रॉम्बोमोड्युलिन, प्रोस्टासायक्लिन वगैरे सज्ज असतात, म्हणून गुठळी जखमेपुरती राहते.

आणि नको तिथे गुठळी झालीच तर?

अस्तर टीपीए नावाचा एन्झाइम सोडतं. तो प्लाझमिनोजेनचं प्लाझमिन करतो आणि प्लाझमिन फायब्रिनचे धागे कापतं. कापलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर, कोविडच्या काळात घराघरांत पोचलेला शब्द. लकव्याच्या रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत जे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, तो हाच टीपीए किंवा त्याचा सुधारित अवतार, कारखान्यात बनवलेला. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

अस्तर बिघडतं कशाने?

सिगारेट-बिडीचा धूर, वाढलेली साखर, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल ही नेहमीची यादी. धुरातले घटक नायट्रिक ऑक्साइड जागच्या जागी संपवतात. साखर सतत जास्त राहिली की ग्लायकोकॅलिक्स पातळ होतं.

यादीत सहसा न येणारी गोष्ट म्हणजे रक्ताचा प्रवाह. सरळ वाहिनीत रक्त एका दिशेने, एका लयीत वाहतं तेव्हा त्या घर्षणानेच अस्तराच्या पेशी थ्रॉम्बोमोड्युलिन आणि नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतात. जिथे धमनी दुभंगते तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा अडखळतो, आणि कोलेस्टेरॉलचे थर नेमके तिथेच जास्त साचतात. चालण्या-पळण्याचा व्यायाम रक्तवाहिन्यांना चांगला का, याचं एक कारण हेच. व्यायामाने रक्ताचा वेग वाढतो आणि अस्तर त्याला उत्तर देतं.

संसर्गाचा भागही मोठा आहे. जंतुदोष रक्तात पसरला की अस्तर स्वतःची बाजू बदलतं. थ्रॉम्बोमोड्युलिन कमी, टिश्यू फॅक्टर जास्त. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या त्यामागे हेच होतं, म्हणून तेव्हा दाखल रुग्णांना हेपरिन दिलं जात होतं.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या वाकड्या झालेल्या लाल पेशी अस्तराला चिकटतात, आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. वेदनेचा झटका हा फक्त वाहिनी तुंबण्याचा प्रकार नसून त्यात अस्तराचा बिघाडही असतो, हे तिथल्या रुग्णांना सांगितलं जायला हवं. फार क्वचित सांगितलं जातं.

डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात. तिथेही अस्तराचाच प्रश्न आहे का?

बऱ्याच अंशी. डेंग्यू विषाणूचं एनएस१ प्रथिन, ज्याची तपासणी तुम्ही पहिल्या काही दिवसांत करता, ग्लायकोकॅलिक्सला इजा करतं. अस्तर गळू लागतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचं प्रमाण), रक्तदाब आणि लघवीचं प्रमाणही पाहत असतात, आणि ते योग्यच आहे. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जोखमीचे असतात, हे लक्षात ठेवा.

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला मुलाकडे चालले आहेत. विमानात पायात गुठळी होते म्हणतात, ते खरं का?

होऊ शकते, पण घाबरण्याइतकी वारंवार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, तरी मुळात तो धोका सुमारे सहा हजारांत एक इतकाच आहे. विमानच असायला हवं असंही नाही, बस-गाडीतही तेच.

कारण शिरेतल्या झडपांत आहे. पोटरीच्या शिरांमध्ये रक्त खाली उतरू नये म्हणून झडपा असतात. प्रत्येक झडपेमागे एक छोटा कप्पा असतो. पाय हलत नसला की त्या कप्प्यातलं रक्त साठून राहतं, तिथला प्राणवायू कमी होतो आणि अस्तराचं संरक्षण ढिलं पडतं. चालताना पोटरीचा स्नायू हे रक्त वर ढकलतो.

दर तास-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली करा, पाणी प्या. आधी गुठळी झालेली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना भेटूनच तिकीट काढा. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून प्रवासासाठी ॲस्पिरिन घेऊ नका, शिरेतल्या गुठळीसाठी तिचा उपयोग थोडाच. एका पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, असं काही झालं तर लगेच तपासून घ्या.

स्टेंट बसवला, आता त्रास नाही. दोन गोळ्या कशाला?

स्टेंट, म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी जाळी, धातूचा असतो आणि त्याला अस्तर नसतं. आजूबाजूच्या पेशी हळूहळू त्यावर चढतात आणि त्याला झाकतात. हल्लीच्या औषधी स्टेंटवरचं औषध पेशींची वाढ रोखून धमनी पुन्हा अरुंद होऊ देत नाही, पण त्यामुळे अस्तर चढायलाही उशीर होतो. तोवर प्लेटलेट उघड्या धातूला चिकटू नयेत म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तशीच गोळी देतात. झटक्यानंतर सहसा बारा महिने, इतर वेळी सहा, रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याहून कमी.

दाताच्या कामासाठी, गावाकडे गेलो म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून मधेच बंद करणं फार महागात पडू शकतं. दंतवैद्याने बंद करायला सांगितलं तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा.

हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेचं काय? तिच्यावर अस्तर येत नाही का?

हलणाऱ्या धातूच्या किंवा कार्बनच्या चकतीवर ते येत नाही, म्हणून यांत्रिक झडप बसवलेल्यांना वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले तरुण रुग्ण आपल्याकडे अजूनही बरेच आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप १९९०पासून वापरात आली आणि अशा अनेकांना परवडली, पण गोळ्या तिलाही लागतातच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) किती ठेवायचा ते झडपेची जागा आणि प्रकार पाहून डॉक्टर ठरवतील. डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेसाठी तो सहसा २.५ ते ३.५च्या दरम्यान असतो. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोज साधारण सारखं प्रमाण ठेवा, म्हणजे आयएनआर वर-खाली होणार नाही. झडप असलेल्या स्त्रीने गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावं, वॉरफरिनचा गर्भावर परिणाम होतो.

वॉरफरिनची गोळी सुरू केली तरी सुरुवातीला हेपरिनची इंजेक्शनं का?

कारण वॉरफरिन प्रथिन सीसुद्धा कमी करतं, आणि ते इतर बहुतेक घटकांच्या आधी संपतं. म्हणजे पहिले काही दिवस अस्तराचं हत्यार गेलेलं, पण गोठवणारे घटक अजून शिल्लक, अशी विचित्र अवस्था येते. तेवढे दिवस हेपरिन सांभाळून नेतं.

आमच्या घरात दोघांना गुठळ्या झाल्या. आनुवंशिक असेल का?

असू शकतं. १९९३मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न डालबेक यांनी असं एक कुटुंब दाखवलं की ज्यांचा पाचवा घटक प्रथिन सीला दाद देत नव्हता. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात त्यामागचा जनुकीय बदल सापडला, म्हणून नाव फॅक्टर व्ही लायडन. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत तो असतो, भारतीयांत बराच कमी. त्यामुळे परदेशी संकेतस्थळं वाचून हीच तपासणी आधी करून घेण्यात अर्थ नाही. प्रथिन सी, प्रथिन एस, अँटिथ्रॉम्बिन आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं यांचा विचार डॉक्टर करतील. ताजी गुठळी असताना किंवा गोळ्या चालू असताना यातले काही आकडे खोटे कमी दिसतात, म्हणून तपासणीची वेळ महत्त्वाची.

जळू लावल्याने गुठळी विरघळते का?

जळूच्या लाळेतलं हिरुडिन थेट थ्रॉम्बिनला पकडतं. जळू चावलेल्या जागी रक्त वाहत राहतं याकडे १८८४मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी लक्ष वेधलं, आणि त्याच्यावरून पुढे बिवॅलिरुडिनसारखी औषधं बनली, जी आज अँजिओप्लास्टीत वापरतात. तुटलेलं बोट जोडल्यावर शिरेत रक्त साचलं तर प्लास्टिक सर्जन जळू लावतातही. पण पोटरीतल्या खोल शिरेची गुठळी जळूने जात नाही, आणि ॲसिट्रोम (असिनोकुमारॉलचीच गोळी) चालू असताना जळू लावून घेतली तर रक्त थांबवणं कठीण होतं. लसणाच्या कॅप्सूलबद्दलही थोडंफार तसंच. फोडणीतल्या लसणाने काही होत नाही.

माझं अस्तर कसं आहे, याची काही तपासणी असते का?

संशोधनात असते. दंडावर पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात, मग सोडतात. निरोगी अस्तर वाढलेल्या प्रवाहाला उत्तर म्हणून नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी किती फुगली ते सोनोग्राफीवर मोजतात. रोजच्या उपचारांत ही वापरत नाहीत, कारण तिचे आकडे यंत्रागणिक, करणाऱ्यागणिक, चहा-कॉफी घेतली की नाही यावरही बदलतात. ‘रक्तवाहिन्यांचं वय’ सांगणारी पॅकेजेस हल्ली शिबिरांत विकली जातात. त्याऐवजी रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, कमी पैशांत जास्त कळेल.